सणाच्या दोन कॅप्सूल

१

तुंगाची फाइल नर्सिंग होममधून घरी आली तेव्हा तिच्यातलं एक पान नव्हतं.

तेरावा होऊन गेला होता. पाहुणे आपापल्या गावी परतले होते. कुवेंपुनगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बायकोमागे वासुदेवराव एकटेच उरले होते. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून ते फाइल उघडून बसले. पानांना आकडे घातलेले होते. नऊ नंतर एकदम अकरा.

दहावं पान कशाचं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तेहतीस वर्षं त्यांनी सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये काचेच्या ताटल्यांत जंतू वाढवले होते. तुंगाचं रक्त बाटलीत घेतलं तेव्हा ते खाटेशेजारी उभे होते. रक्तात कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधानं मरतो, हे सांगणारा रिपोर्ट, म्हणजे ते पान.

एप्रिलमध्ये, १९९२ च्या रामोत्सवात, वसाहतीच्या मैदानावर दीडशे पानं उठली. त्यानंतर तीन आठवड्यांत अकरा जणांना ताप आला. टायफॉइड. मैसुरात टायफॉइडला कुणी घाबरत नसे. क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल चालू करायच्या, चार-पाच दिवसांत ताप उतरतो. ह्या खेपेला एकाचाही उतरला नाही. दहा जणांना घरच्यांनी दुसरीकडे हलवलं, नवी महागडी औषधं दिली, ते वाचले. तुंगा बाराव्या दिवशी गेली.

सगळ्यांनी कॅप्सूल घेतल्या होत्या एकाच दुकानातून. देवराज मोहल्ल्यातल्या जयतीर्थाच्या.

संध्याकाळी खंडोजीराव आले. उत्सव समितीचे चिटणीस, आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, आणि चाल अजून तशीच. त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला.

"राव, सतरा सह्या झाल्या. तुमची वरती पाहिजे. ज्याचं माणूस गेलं त्याची सही नसली तर अर्जाला वजन नाही."

"काय लिहिलंय?"

"नकली औषध. दुसरं काय? पुढच्या बुधवारी औषध खात्याचा अधिकारी येतोय. तुमची सही असली की त्याच दिवशी दुकानाला कुलूप."

"नकली होतं हे कुणी सांगितलं?"

"डॉक्टर हयग्रीवांनीच की. वहिनी त्यांच्याच नर्सिंग होममध्ये होत्या, त्यांच्याएवढं कोण जाणतं?"

वासुदेवरावांना सही करायची होती. कुणीतरी तुंगाला मारलं आहे आणि त्याला नाव आहे, पत्ता आहे, ही गोष्ट त्यांना अन्नासारखी हवी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलंही. मग परत लावलं.

"बुधवारपर्यंत अर्ज माझ्याकडे राहू दे."

खंडोजीराव गेल्यावर ते फाइलकडे बघत बसले. औषध नकली असतं तर रिपोर्टात लिहिलं असतं की हा जंतू क्लोरॅम्फेनिकॉलनं मरतो. म्हणजे तो कागद जयतीर्थाच्या विरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा ठरला असता. जयतीर्थाला पकडू पाहणाऱ्यानं तो लपवला नसता.

मग त्या कागदावर असं काय होतं?

२

जयतीर्थानं शटर अर्धंच वर ठेवलं होतं. त्यावर कुणीतरी खडूनं कन्नडमध्ये लिहून ठेवलं होतं, इथे विष मिळेल.

"या, वासण्णा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणून आलात की फिर्यादी म्हणून?"

"अजून ठरलं नाही."

"बरं आहे. बाकीच्यांचं न विचारताच ठरलंय." त्यानं स्टूल पुढे सरकवलं, पण स्वतः उभाच राहिला. "हा डबा. त्याच लॉटमधला. न्या, तपासा."

"तू देशील तो डबा चांगलाच असणार."

जयतीर्थाचा चेहरा उतरला. लहानपणी दोघं एका गल्लीत वाढले होते. तो पाच वर्षांनी धाकटा, आणि आयुष्यभर 'अण्णा' म्हणत आलेला. "मग माझ्या हातचं नका घेऊ. वहिनींच्या उशाशी उरल्या असतील त्या तपासा. त्या तर मी नाही बदलल्या?"

सहा कॅप्सूल उरल्या होत्या. वासुदेवरावांच्या खिशातच होत्या. ते उठले.

"एक सांगतो," जयतीर्थ मागून म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात राग होता. "पंधरा वर्षं वहिनी माझ्याकडूनच ह्या कॅप्सूल नेत होत्या. तेव्हा माझं दुकान विषाचं नव्हतं काय?"

वासुदेवराव थांबले. "कुठल्या कॅप्सूल?"

"क्लोरॅम्फेनिकॉलच्या. दोन. सण आला की आदल्या दिवशी यायच्या. अष्टमी असू दे, ऋषिपंचमी असू दे, रामोत्सव असू दे. फक्त दोन."

"कुणासाठी?"

"मी कसं विचारू, वासण्णा? मला वाटलं तुम्हीच पाठवता. लॅबवाल्याची बायको, तिला काय शिकवायचं?" मग समोरच्या चेहऱ्याकडे बघून तो हळू झाला. "तुम्हाला माहीतच नव्हतं."

नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात तुंगानं त्यांच्यापासून भाजीचा भावसुद्धा लपवला नव्हता.

"प्रत्येक वेळी सणच असायचा?"

जयतीर्थानं आठवून पाहिलं. "एकदा नव्हता. ह्याच जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर. मी चेष्टेनं विचारलं, वहिनी, आज कुठला सण? त्या नुसत्या हसल्या."

३

लॅबमध्ये आता वनजा होती. वासुदेवरावांनीच शिकवलेली, आणि त्यांच्याच जुन्या टेबलावर बसणारी. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि काही विचारलं नाही. ते त्यांना बरं वाटलं.

"दोन ताटल्या लाव," ते म्हणाले. "एकीत आपला नेहमीचा साधा जंतू पसर, जो सगळ्या औषधांना मरतो. दुसरीत तुंगाच्या रक्तातला. ठेवला असशील ना?"

"ठेवलाय, सर."

"दोन्हीच्या मधोमध ह्या कॅप्सूलची पूड. मोजून, सारखी."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दोघांनी ताटल्या खिडकीजवळ नेल्या. पहिल्या ताटलीत पुडीभोवती रुपयाएवढं स्वच्छ गोल मैदान पडलं होतं. तिथे एकही जंतू उगवला नव्हता.

"औषध खरं आहे," वनजा म्हणाली.

दुसऱ्या ताटलीत मैदान नव्हतंच. जंतू पुडीला चिकटून, तिच्यावर चढून वाढले होते.

वासुदेवरावांनी ती ताटली कितीतरी वेळ हातात धरली. अर्धं आयुष्य त्यांनी अशा ताटल्या वाचल्या होत्या. त्यात घरचं कुणी कधी नव्हतं.

"आणखी चार पेशंटांचे नमुने माझ्याकडे आले होते," वनजा म्हणाली. "पाचही सारखे. क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देत नाहीत, अँपिसिलिनला नाही, सल्फाच्या गोळीलाही नाही. ही तिन्ही औषधं मिळून निकामी, आणि बाकीची सगळी चालतात. पाचांचे जंतू, पण एकाच आईची पोरं."

"एका जागेहून आलेली."

"हो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन मात्र लागू पडतं. तसं मी रिपोर्टात खाली लाल रेघ मारून लिहिलं होतं."

"रिपोर्ट गेला कधी?"

तिनं जावक वही उघडली. बोट एका ओळीवर थांबलं. तिनं वही त्यांच्याकडे फिरवली, कारण वाचून दाखवणं तिला जमलं नाही.

रिपोर्ट पाचव्या दिवशी पोचला होता. घेणाऱ्याची सही डॉक्टर हयग्रीवांची होती. त्यानंतर तुंगा सात दिवस जिवंत होती, आणि त्यातले पहिले पाच दिवस तिला तेच औषध मिळत होतं.

४

"पेशंट आत आहेत," कंपाउंडर म्हणाला.

"मी पण पेशंटच्याच कामाला आलोय," वासुदेवराव म्हणाले आणि आत गेले.

डॉक्टर हयग्रीवांनी त्यांच्याकडे पाहिलं, समोरच्या बाईला चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"दहावं पान," वासुदेवराव म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ टेबलावरचा स्टेथोस्कोप सरळ करत राहिले. मग खालचा खण उघडून कागद काढला. लाल रेघ तशीच होती.

"पाचव्या दिवशी आला. मी वाचला. मला वाटलं, लॅबनं घोळ घातलाय. तिन्ही औषधं एकदम निकामी, असं मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलं नव्हतं. नवीन मुलगी आहे, ताटली बिघडली असेल."

"त्या मुलीला मी शिकवलंय."

"ते मला नंतर कळलं."

"फोन करून विचारता आलं असतं. दहा मिनिटांचं काम."

"हो." त्यांनी मान वर केली नाही. "नवव्या दिवशी मी घाबरलो. दहाव्या दिवशी औषध बदललं. तोवर आतड्याला भोक पडलं होतं."

"आणि मग जयतीर्थाचं नाव पुढे केलंत."

"मी एवढंच म्हटलं, की औषध नकली असू शकतं. पुढचं लोकांनी केलं."

वासुदेवरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. वाटत होतं की आता काहीतरी मोकळं होईल. काहीच झालं नाही.

"तुमच्याबद्दल मी लिहिणार आहे," ते म्हणाले.

"लिहा." डॉक्टरांनी पहिल्यांदा सरळ पाहिलं. "पण वासुदेवराव, एक गोष्ट तुम्हीही विचारात घ्या. मी उशीर केला, जंतू मी आणला नाही. असा जंतू आभाळातून पडत नाही. कुणाच्या तरी पोटात तो राहत असणार, आणि तिथे त्याला औषध मिळत असणार, थोडं थोडं, वर्षानुवर्षं, मरण्याइतकं कधीच नाही. पोटातले बाकीचे जंतू औषध पचवायला आधी शिकतात, मग ह्याला शिकवतात. कुणीतरी अर्धवट गोळ्या खात आलंय."

दारापर्यंत गेलेल्या वासुदेवरावांनी चौकट धरली.

सणाला दोन. पंधरा वर्षं.

५

त्या दुपारी त्यांनी आपल्याच घराची झडती घेतली. तुंगाचं कपाट, डब्यांची फळी, देवघराचा खण, साड्यांच्या घड्या. चोरासारखं वाटत होतं, पण हात थांबत नव्हते. बायकोला काही जुना आजार होता का? तिनं तो त्यांच्यापासून लपवला का? आणि तिच्याच हातून, तिच्याच पोटातून, दहा माणसं अंथरुणाला खिळली आणि शेवटी तीही गेली?

कॅप्सूलचं एक रिकामं पाकीटही सापडलं नाही.

ते जमिनीवर बसले आणि लॅबमधल्या सवयीनं एकेक गोष्ट वेगळी काढू लागले.

तुंगा जंतू पसरवत असती, तर तिच्या हातचं रोज जेवणारे ते स्वतः सगळ्यात आधी पडले असते. त्यांना साधी कणकणही आली नव्हती. बरं, रामोत्सवात तर ते तिच्याच शेजारच्या पानावर होते. पाणी प्यायले होते, गुळाचं पानक दोन पेले, ताकही. सगळं त्याच टँकरच्या पाण्याचं, जो खंडोजीरावांनी आणवला होता. म्हणजे पाणी नाही. भात, सार, पायस खाल्लं होतं. ते उकळतं आलेलं, त्यात जंतू जगत नाही.

खाल्लं नव्हतं ते एकच. कोसंबरी. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं. कच्ची. नव्या कवळीला डाळ टोचत होती म्हणून त्यांनी आपल्या वाट्याची तुंगाच्या पानावर सरकवली होती. "दोघांचं मीच खाऊ का?" असं म्हणून तिनं ती खाल्ली होती.

ते आठवलं आणि पुढचं काही सुचेना. पुष्कळ वेळानं उठून, पाणी पिऊन त्यांनी पुन्हा लॅब गाठली.

"वनजा, जुनी रजिस्टरं काढ. मी होतो तेव्हाची. फक्त एप्रिल आणि मे."

रजिस्टरातलं अक्षर त्यांचंच होतं. एकोणऐंशी साली कुवेंपुनगरचे टायफॉइडचे दोन. ब्याऐंशीत तीन. चौऱ्याऐंशीत दोन. जवळजवळ दर वर्षी, रामोत्सवानंतर तीन आठवड्यांच्या आत. सगळ्यांपुढे लिहिलेलं, क्लोरॅम्फेनिकॉल लागू. सगळे चार दिवसांत बरे झालेले, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतः नावं लिहिली होती, पत्ते लिहिले होते, आणि पान उलटलं होतं.

म्हणजे जंतू ह्या वर्षी आला नव्हता. तो पहिल्यापासून त्या कोसंबरीतच होता. ह्या वर्षी फक्त औषधाला जुमानेनासा झाला होता.

कोसंबरी वर्षानुवर्षं एकच हात कालवत होता. मोठ्या परातीत, कोपरापर्यंत, कारण मडीच्या स्वयंपाकात, म्हणजे सोवळ्यात, दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.

आणि जानेवारी? संक्रांतीनंतर वसाहतीतल्या वेंकोबाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तुंगा तिथे गेलीच नव्हती, बेट्टदपुरला बहिणीकडे होती. जाण्याआधी कॅप्सूल मात्र नेल्या होत्या. वास्तुशांतीचा स्वयंपाक कुणी केला होता, ते वासुदेवरावांना चांगलं आठवत होतं. आणि आणखी एक गोष्ट, जी तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. घरातल्या प्रत्येक कार्याला हक्कानं चूल पेटवणाऱ्या त्याच बाईनं तुंगाच्या तेराव्याचा स्वयंपाक करायला नकार दिला होता. हात दुखतो म्हणाली होती.

६

"लांब थांबा, भावजी," गोदाक्का म्हणाली. "मडीत आहे."

शनिवारची सकाळ. ओलं लुगडं नेसून ती तुळशीला पाणी घालत होती. सत्तरीची, वाळलेली, ताठ. तीस वर्षांत ह्या वसाहतीतल्या अर्ध्या लग्नांचा आणि सगळ्या श्राद्धांचा स्वयंपाक तिनं केला होता. वासुदेवराव पायरीखाली उभे राहिले.

"हात कसा आहे?"

"कुठला हात?"

"तेराव्याला दुखत होता तो."

गोदाक्कानं तांब्या खाली ठेवला.

"कॅप्सूल तुम्ही घ्यायचात," ते म्हणाले. विचारलं नाही.

ती पायरीवर बसली. त्यांच्याकडे न बघता बोलू लागली, जसं काही कुणी फार दिवसांनी विचारावं आणि सांगायला तयारच असावं.

"सत्त्याहत्तर साली मला ताप आला. बरी झाले. मग एका डॉक्टरनं सांगितलं, बाई, तुमच्या पित्ताच्या पिशवीत ते राहिलंय, तुम्ही आता परक्यांसाठी रांधू नका. मी काय करू, भावजी? नवरा नाही, मूल नाही. रांधायचं नाही तर मी कोण? तुंगेजवळ रडले. ती म्हणाली, थांब, आमच्या ह्यांच्या तोंडून ऐकलंय, त्याला एक औषध आहे."

वासुदेवरावांनी कुंपणाची काठी धरली.

"आदल्या रात्री एक घ्यायची, पहाटे न्हाऊन एक. बाहेरून पाण्यानं, आतून गोळीनं. मडीची गोळी म्हणायचो आम्ही. पंधरा वर्षं. कुणाला काही झालं नाही."

"होत होतं. औषधानं बरे होत होते, म्हणून तुम्हाला कळलं नाही. दोन गोळ्यांनी ते मरत नाही, गोदाक्का. फक्त शहाणं होतं."

तिनं ते नीट ऐकून घेतलं.

"मला का नाही विचारलंत?" ते म्हणाले. "एकदा. पंधरा वर्षांत एकदा."

"मी म्हटलं होतं तिला, कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, ह्यांना तर मुळीच नाही. ते ऑफिसात लिहून देतील."

ते खरं होतं. लिहून दिलं असतं. त्याच दिवशी.

"म्हणजे तुंगा माझ्या हातानं गेली," गोदाक्का म्हणाली.

"डॉक्टरनं वेळेवर कागद वाचला असता तर वाचली असती."

"ते नाही विचारलं मी."

"हो," ते म्हणाले. "तुमच्या हातानं."

रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली. आत पोरं ओरडत होती.

"तिला ताप आला तेव्हाच मला शंका आली," गोदाक्का म्हणाली. "म्हणून तेराव्याला चुलीजवळ गेले नाही. बोलणार होते. मग जयतीर्थाचं नाव पुढे आलं, आणि मी गप्प बसले."

"त्याच्या दुकानाला बुधवारी कुलूप लागेल."

"मग आता काय करू, ते सांगा."

वासुदेवरावांनी पिशवीतून रुंद तोंडाची छोटी बाटली काढली. लॅबची. ती कशासाठी असते हे सांगताना तेहतीस वर्षांत त्यांना कधी संकोच वाटला नव्हता. आज वाटला.

"शौचाचा नमुना हवा. त्याशिवाय माझं बोलणं नुसता संशय आहे."

गोदाक्का ताडकन उठली. "मडीतल्या बाईला काय मागताय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

ती घरात निघून गेली. दार लागलं. वासुदेवराव पायरीखाली उभेच राहिले, कारण जायला दुसरी जागा नव्हती. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि कोरडा, सुरकुतलेला हात बाहेर आला. तळवा उघडा होता.

"ठेवा हातावर," आतून आवाज आला. "शिवलात तरी चालेल."

७

बुधवारी सकाळी वनजानं त्यांना रिपोर्ट दिला. तीच तीन औषधं निकामी. तोच जंतू.

दुकानापुढे आठ-दहा माणसं जमली होती. औषध खात्याचा अधिकारी टेबलाशी बसून डबे उलटसुलट करत होता. जयतीर्थ भिंतीला टेकून उभा होता. किल्ल्या त्यानं आधीच टेबलावर काढून ठेवल्या होत्या.

"आले," खंडोजीराव म्हणाले. "द्या अर्ज, राव."

वासुदेवरावांनी अर्ज टेबलावर ठेवला, सही न केलेला. त्याच्यावर दोन ताटल्या ठेवल्या, लाल रेघेचा कागद ठेवला आणि घरून लिहून आणलेली दोन पानं ठेवली. अधिकाऱ्याला त्यांनी सगळं कन्नडमध्ये समजावून सांगितलं, एकदाच, आवाज न चढवता. औषध खरं आहे. जंतू बदललेला आहे. तो कशानं बदलला ते इथे लिहिलंय.

अधिकाऱ्यानं ताटल्या उजेडात धरल्या. मग जयतीर्थाकडे वळला. "दर सणाला दोन. चिठ्ठी होती?"

"नाही," जयतीर्थ म्हणाला.

"मग त्याची नोटीस येईल. नकली औषधाची तक्रार मी बंद करतो." त्यानं किल्ल्या परत सरकवल्या.

जयतीर्थानं त्या उचलल्या नाहीत. तो वासुदेवरावांची पानं वाचत होता. पहिल्याच ओळीवर अडला होता. माझी पत्नी तुंगा हिने सतत पंधरा वर्षं.

"वासण्णा, वहिनींचं नाव कशाला? एक बाई, एवढंच लिहा."

"कोण बाई म्हणून उद्या परत तुझ्याच दारात येतील."

खंडोजीरावांनी त्यांचा दंड धरून बाजूला नेलं. त्यांनीही वरून वाचलं होतं. "राव, ऐका माझं. दुकानाचं काय, महिनाभर बंद राहिलं असतं, परत उघडलं असतं. बाईमाणसाचं नाव एकदा गेलं की गेलं. बरं, कुणासाठी न्यायच्या त्या? ते तर कुठं लिहिलेलंच नाही."

"आरोग्य खात्याच्या पत्रात आहे. ते इथे येतानाच देऊन आलो. त्यांचं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन व्हायचंय. इथे त्यांचं नाव घेणार नाही."

"म्हणजे त्या व्यक्तीला झाकता आणि स्वतःच्या बायकोला उघडं पाडता?"

"त्यांना अजून ह्याच वसाहतीत राहायचंय," वासुदेवराव म्हणाले. "आणि आणणारी तुंगाच होती. माझ्यापासून लपवून. मी लिहून देईन म्हणून."

"आणि दिलंतच लिहून."

"दिलं."

अधिकारी दोन्ही पानं घेऊन आला आणि खाली बोट ठेवून म्हणाला, इथे सही राहिली आहे. वासुदेवरावांनी शटरच्या पत्र्यावर कागद टेकवला, खडूची अक्षरं होती तिथेच, आणि सही केली.

"लोक वहिनींना नावं ठेवतील, राव," खंडोजीराव हळूच म्हणाले. "आजच संध्याकाळपासून."

"ठेवू देत," वासुदेवरावांनी पेनाचं टोपण लावलं. "ती कुठं आहे ऐकायला. मी आहे, मी ऐकेन."